ल्युसर्नला वेळ थोडा असेल तर डोंगर सोडा, पाणी बघा

कृष्णाकाठ

मिलानहून झुरिकला जायचं होतं, मध्ये एक रात्र मोकळी होती, ती मी स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला काढली. एकटीच होते. जाण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर ठरलेलं: "ल्युसर्न म्हणजे पूल आणि सिंह, तासाभरात उरकतं. तू सरळ पिलाटुसवर जा, नाहीतर टिटलिसला." आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्येही तेच होतं. बस श्वानेनप्लाट्झला उभी राहते, पुलावर फोटो होतात, घड्याळांच्या दुकानात थोडा वेळ जातो आणि मंडळी डोंगराकडे निघतात. डोंगर सुंदर आहेत, त्यात वादच नाही. पण हाताशी वेळ थोडा असेल आणि तुम्ही एकटे असाल, तर शहर आणि पाणी एवढंच नीट बघावं, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा धागा.

मी सांगलीची. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, आयर्विन पुलाखाली किती फूट? त्यामुळे नवीन गावात गेलं की माझी नजर आधी पाण्याकडे जाते. ल्युसर्नमध्ये तिला शोधावंही लागत नाही. रूळ स्टेशनातच संपतात आणि दाराबाहेर आलं की समोर तळं. स्टेशनसमोर एक मोठी दगडी कमान सुटीच उभी आहे. ५ फेब्रुवारी १९७१ला जुनं स्टेशन जळालं, त्याचं प्रवेशद्वार तेवढं त्यांनी राखून ठेवलं. कमानीपलीकडे बोटींचे धक्के. उजव्या हाताला ज्याँ नूव्हेल या फ्रेंच वास्तुरचनाकाराने केलेली केकेएल या संस्कृती आणि मैफलींच्या केंद्राची इमारत. तिचं छप्पर पार तळ्याच्या दिशेने पुढे आलंय आणि त्याच्या खालच्या बाजूवर पाण्याची चमक हलत असते.

तळं प्रचंड आहे. क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी २१४ मीटर, समुद्रसपाटीपासून ४३४ मीटरवर. रॉइस नदी दक्षिणेच्या टोकाला या तळ्यात शिरते आणि बाहेर पडते ती थेट ल्युसर्नच्या मधोमध. म्हणजे हे शहर तळ्याच्या तोंडावर वसलंय. पाणी इतकं स्वच्छ की पुलावरून खालचे दगड आणि मासे दिसतात.

कापेलब्रुके, म्हणजे सगळ्यांच्या फोटोतला तो लाकडी पूल, चौदाव्या शतकातला. २०४ मीटर लांब, नदीवरून तिरका जाणारा. एकेकाळी तो याहून लांब होता, काठांवर भराव पडत गेला तसा आखूड झाला. मुळात तो शहराच्या तटबंदीचा भाग, म्हणून तळ्याच्या बाजूचा कठडा उंच आहे. मधला अष्टकोनी पाणबुरूज पुलाहूनही जुना, ३४ मीटर उंच. तिजोरी, दफ्तरखाना, तुरुंग, छळाची कोठडी, सगळं त्यात होऊन गेलंय. छपराखालच्या तुळयांमध्ये सतराव्या शतकातली तिकोनी चित्रं होती. १८ ऑगस्ट १९९३च्या रात्री आग लागली आणि बहुतेक चित्रं जळाली. पूल आठ महिन्यांत पुन्हा उभा राहिला, एप्रिल १९९४ला खुला झाला. वाचलेली आणि दुरुस्त केलेली चित्रं लावली आहेत. मध्ये मध्ये चौकटी रिकाम्या आहेत, काही ठिकाणी काळा पडलेला जुना वासा तसाच ठेवलाय. नवं लाकूड कुठे सुरू होतं ते रंगावरून कळतं. गेलेल्या चित्रांच्या जागी हुबेहूब नकला चिकटवून टाकल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

पण माझा जीव जडला तो पुढच्या जागेवर. कापेलब्रुकेवरून खाली उतरून नदीच्या काठाकाठाने प्रवाहाच्या दिशेने चालत राहा. दहा मिनिटंही लागत नाहीत. पाण्याचा आवाज वाढत जातो आणि समोर लाकडी दांड्यांचा बंधारा दिसतो. १८५९ ते १८६१ या काळात बांधलेला. नदीत आडवा सांगाडा आणि त्याला टेकवून उभे लावलेले शेकडो लाकडी दांडे. एवढ्या मोठ्या तळ्याची पातळी हे दांडे घालून-काढून राखतात, आजही, माणसाच्या हातांनी. मी कठड्याला टेकून कितीतरी वेळ बघत राहिले. काही ठिकाणी दांडे काढलेले होते, तिथून पाणी हिरवंगार उसळत होतं. २००५च्या ऑगस्टमध्ये याच तळ्याचं पाणी शहरात शिरलं होतं. त्याच वर्षी, त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतही पाणी होतं. तिथे उभं राहून हे आठवणार नाही तर काय.

बंधाऱ्याला लागूनच दुसरा झाकलेला लाकडी पूल आहे, श्प्रॉयरब्रुके, १४०८ सालचा. पूर्वी गिरण्यांचा कोंडा नदीत टाकायची परवानगी फक्त या पुलावरून होती, कारण शहरातला हा सर्वांत खालच्या अंगाचा पूल. इथे गर्दी नसते. याच्या छपरातली चित्रं १६२६ ते १६३५मध्ये कास्पार मेग्लिंगरने रंगवली. विषय एकच, मृत्यू. सांगाडा येतो आणि धर्मगुरूला, सावकाराला, नटलेल्या नवरीला हात धरून घेऊन जातो. कोणीच सुटत नाही. संध्याकाळी उतरत्या उजेडात, खाली बंधाऱ्याची घरघर चालू असताना ही चित्रं एकेक करून बघितली. बरोबर कोणी असतं तर "चल आता, किती वेळ" झालंच असतं. एकटं फिरण्याचा खरा फायदा मला तिथे मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बस यायच्या आत, मुझेग तटावर गेले. ८७० मीटर तट शिल्लक आहे, नऊ बुरूज. साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत त्यांतले चार चढता येतात, तिकीट नाही. एका बुरुजावर १५३५ सालचं घड्याळ आहे आणि त्याला शहरातल्या बाकी सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके द्यायचा मान आहे. आत शिरलात तर तासाच्या ठोक्याला तिथेच थांबा. तटाच्या मागे चक्क शेत आहे, लांब केसांची स्कॉटिश गुरं चरत असतात.

मग कड्यात कोरलेला सिंह, त्याशेजारचं हिमनदी उद्यान, आणि निघायच्या आधी वाफेच्या बोटीतून वेगिसपर्यंत जाऊन परत. बोटीत मधोमध डेकला मोठी खिडकी आहे, तिथून खाली इंजिनाचे तेलकट चकचकीत दट्टे फिरताना दिसतात. लहान मुलांच्या शेजारी उभी राहून मी ते बघितलं.

हिमनदी उद्यानाबद्दल दोन ओळी लिहितेच. १८७२मध्ये एका गृहस्थाने वाईनच्या तळघरासाठी खोदायला घेतलं आणि खडकात प्रचंड गोल रांजण सापडले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हे सगळं हिमनदीखाली होतं. बर्फाखालून जोराने वाहणाऱ्या पाण्याने ते रांजण कोरले. सगळ्यांत मोठा साडेनऊ मीटर खोल आहे. आणि त्याच खडकात ताडाच्या पानाचा ठसा आहे, दोन कोटी वर्षांपूर्वीचा, जेव्हा इथे उष्ण समुद्राचा किनारा होता. निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत त्यांनी तर इथे जायलाच हवं.

तुमचे अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर तेही.

---

सह्यकडा

लेख आवडला ताई, पण मत अजिबात पटलं नाही. आपण इतक्या लांबून, इतका पैसा घालून जातो. पूल आणि नद्या जगात इतरत्रही आहेत. पिलाटुसची दातेरी रेल्वे नाही. १८८९ची रेल्वे, ४८ टक्के चढ, दातेरी रेल्वेंमध्ये जगातला सर्वांत तीव्र. आपल्या निलगिरीच्या गाडीचा सगळ्यात अवघड चढ बाराला एक आहे, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्या चढावर उभा दाता चाकातून निसटून वर उचलला जाईल, म्हणून एडुआर्ड लोखर या अभियंत्याने दाते आडवे केले. मधल्या रुळाला दोन्ही बाजूंनी दोन चाकं चिमट्यासारखी धरतात. गाडी उचलली जायचा प्रश्नच मिटला. हे डोळ्यांनी न बघता ल्युसर्नहून परत येणं मला तरी जमलं नसतं.

सकाळी बोटीने आल्पनाखश्टाडला, तिथून रेल्वेने वर, वरून केबलकारने क्रीन्सला उतरून बसने शहरात. दिवस सार्थकी लागतो. आणि एकट्याने डोंगरावर जाण्यासारखं सुख नाही, हे मी सह्याद्रीत हिंडणारा माणूस म्हणून सांगतो.

---

निवृत्त पाटबंधारे

मी अभियंता, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कृष्णाकाठ ताईंनी त्या बंधाऱ्यावर इतकं प्रेमाने लिहिलेलं बघून फार बरं वाटलं. पर्यटकांपैकी शंभरात एखादाच तिथे थांबतो. थोडी तांत्रिक माहिती देतो.

दांडा वरच्या टोकाला आडव्या तुळईवर टेकतो आणि खालच्या टोकाला तळाच्या उंबऱ्यावर. त्याला खिळा नाही, बोल्ट नाही. पाण्याचा दाबच त्याला जागेवर धरून ठेवतो. पाणी सोडायचं असेल तर हवे तेवढे दांडे उपसायचे. प्रत्येक दांडा म्हणजे एक छोटं दार, त्यामुळे विसर्ग अगदी बारकाईने कमी-जास्त करता येतो.

आपल्या कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचं तत्त्व याचंच भावंड आहे. फरक इतका की आपले बरगे खांबांच्या खाचांतून आडवे एकावर एक बसवतात, त्यांचे दांडे उभे. आणि वेळापत्रकही वेगळं. आपण पावसाळ्याआधी बरगे काढतो आणि पाऊस सरला की ऑक्टोबरात घालतो, कारण आपलं पाणी पावसाचं. त्यांचं पाणी बर्फाचं. हिवाळ्यात डोंगरावर सगळं गोठलेलं असतं, नदीला पाणी कमी येतं, तेव्हा दांडे घालून तळं राखायचं. वसंत सरताना बर्फ वितळू लागला की दांडे निघायला लागतात. म्हणजे तुम्ही मे-जूनमध्ये गेलात तर उसळतं पाणी दिसेल, जानेवारीत गेलात तर भिंत दिसेल.

पातळी राखणं ही नुसती ल्युसर्नची सोय नाही. पाणी जास्त अडवलं तर तळ्याकाठची गावं भिजतात, जास्त सोडलं तर खालची. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रात्र रात्र जागून बघितलेल्या माणसाला हा तिढा समजावून सांगावा लागत नाही.

---

कृष्णाकाठ

@निवृत्त पाटबंधारे, काका, किती सोपं करून सांगितलंत! बोल्ट नाही, पाण्याचा दाबच धरून ठेवतो, हे तिथे उभं राहून लक्षात आलं नव्हतं. मी ऐन उन्हाळ्यात गेले होते, म्हणूनच बरेच दांडे काढलेले होते तर.

@सह्यकडा, लोखरच्या आडव्या दात्यांची माहिती सुंदर. माझा मुद्दा पिलाटुसविरुद्ध नाही. दिवस पूर्ण असेल तर जरूर जावं. पण वेळ थोडका असताना डोंगर घेतला की काय होतं, तर सकाळी स्टेशनवरून बोट, संध्याकाळी बसमधून परत स्टेशन, आणि शहर खिडकीतून. शिवाय वरचा देखावा हवेवर अवलंबून. शहराला हवेची अट नाही. पावसात तर तो लाकडी पूल जास्तच चांगला, डोक्यावर छप्पर आहे आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाजतं.

---

आल्प्सवासी

बरीच वर्षं झुरिकजवळ राहतो, ल्युसर्नला पाहुण्यांना घेऊन सतत जाणं होतं. दोघांचंही बरोबर आहे. ठरवणार कोण, तर महिना आणि त्या सकाळची हवा.

नोव्हेंबर ते जानेवारी या भागावर धुक्याचा थर बसतो आणि दिवसेंदिवस हलत नाही. शहरात राखाडी अंधार, तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. त्याच वेळी दीड हजार मीटरच्या वर लख्ख ऊन आणि पायाखाली ढगांचा समुद्र. अशा दिवशी मी पाहुण्यांना शहरात ठेवत नाही, थेट रिगीवर नेतो. उन्हाळ्यात उलट होतं. दुपारी ढग शिखरांना धरतात आणि वर जाऊन पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी शिखरावरचा कॅमेरा इंटरनेटवर बघायचाच. पिलाटुस, रिगी, टिटलिस, सगळ्यांचे आहेत.

आणखी एक, फ्योन नावाचा दक्षिणेकडून येणारा उबदार वारा. तो सुटला की हवा इतकी स्वच्छ होते की डोंगर हात लावावा इतके जवळ वाटतात. शहरातूनच फुकटात आल्प्स दिसतो. मात्र त्याच दिवशी तळ्याच्या दक्षिणेकडच्या, उरी प्रांतातल्या टोकाला लाटा जोरदार असतात.

वेळ कमी आणि डोंगर हवाच असेल तर पिलाटुसपेक्षा रिगी. १७९८ मीटर, उंचीने कमी, पण बोटीने साधारण तासाभरात फिट्झनाउ आणि धक्क्यासमोरच रेल्वे. ही १८७१ची, युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे, निक्लाउस रिगेनबाखने बांधलेली. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोट आणि रिगी दोन्ही पासात येतात, पिलाटुसला निम्मी सवलत मिळते. पिलाटुसची रेल्वे हिवाळ्यात बंद असते, तेव्हा क्रीन्सकडून केबलकार. रिगी बारा महिने चालू.

---

पहिल्यांदाच एकटी

ताई, धागा वाचून धीर आला. मी नाशिकची, वय २६, ऑफिसच्या कामासाठी फ्रँकफर्टला जाणार आहे आणि शनिवार-रविवार जोडून ल्युसर्न करायचा विचार आहे. घरचे म्हणतात एकटी नको. रात्री फिरणं सुरक्षित आहे का? मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आणि स्वित्झर्लंड महाग म्हणतात ते कितपत? राहायचं कुठे?

---

कृष्णाकाठ

अगं जा, नक्की जा. मी पन्नाशी पार केलेली बाई, रात्री जेवून नदीकाठाने एकटी चालत आले. काठावर दिवे असतात, माणसं बसलेली असतात. आपण जी काळजी कुठेही घेतो ती घ्यायचीच: पर्स पुढे, स्टेशनवर सामानावर लक्ष, आणि घरी राहायचा पत्ता देऊन ठेवायचा. पोलिसांचा नंबर ११७, रुग्णवाहिकेचा १४४, आणि ११२ही चालतो.

राहायला शहरात युथ हॉस्टेल आहे, रोटझे तळ्याकडे. जुन्या गावात तर एका जुन्या तुरुंगाचंच हॉटेल केलंय. १८६२ ते १९९८ तिथे खरोखरचे कैदी होते. खोल्या म्हणजे कोठड्याच, लहान आहेत, पण एकट्या माणसाला पुरतात आणि जागा मध्यवर्ती. कुठेही रीतसर मुक्काम केलास की पाहुण्यांचं कार्ड मागून घे, त्यावर शहरातल्या बस फुकट आहेत.

खाण्याचं. महाग आहे, खोटं कशाला सांगू. हॉटेलात बसून दोन्ही वेळा जेवायचं ठरवलं तर पैसे पाण्यासारखे जातात. मी एक वेळ सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, दही, फळं घेऊन तळ्याकाठी बसायची. मिग्रो आणि कोप ही दोन नावं लक्षात ठेव. रविवारी शहरातली दुकानं बंद असतात, स्टेशनातली उघडी असतात. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नकोस, रस्त्यारस्त्यावर कारंजी आहेत, "पिण्याचे पाणी नाही" अशी पाटी नसेल तर बिनधास्त भरून घे. गरम काही हवं असेल तर मॅकरोनी, बटाटा, चीज आणि साय घालून करतात तो पदार्थ, एल्प्लरमाग्रोनेन, बरोबर सफरचंदाचा गोडसर गर. बटाट्याची ऱ्योश्टीही चांगली. दोन्हींत कधी कधी बेकन टाकतात, म्हणून आधी विचार. बऱ्याच चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण असतं हेही सांगून ठेवते. तुला ते चालतं की नाही तू ठरव. मॅकरोनीत अंडंही असू शकतं.

शनिवारी सकाळी पोचलीस तर नदीकाठचा बाजार चुकवू नकोस. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी भरतो, नगरभवनाच्या कमानींखाली आणि दोन्ही काठांवर. आसपासचे शेतकरी चीज, मध, भाज्या, फुलं घेऊन येतात.

---

भैरवी

संगीताबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ल्युसर्नचा थोडका मुक्काम मी दोन गोष्टींसाठी केला होता.

पहिली ट्रिबशेन. तळ्याच्या टोकाशी झाडीत एक घर आहे, तिथे १८६६ ते १८७२ जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर राहिला. २५ डिसेंबर १८७०ला सकाळी त्याने पत्नी कोझिमाच्या वाढदिवसासाठी जिन्यात वादक उभे केले आणि ती जागी झाली ती नव्या रचनेच्या सुरांनी. तो जिना अजून आहे. घर आता संग्रहालय आहे. याच घराच्या बागेत २५ ऑगस्ट १९३८ला आर्तुरो तोस्कानिनी या इटालियन संगीतसंचालकाने वादकांचा ताफा घेऊन मैफल केली. त्या वर्षी ऑस्ट्रिया हिटलरने गिळला होता आणि तोस्कानिनीने तिथल्या साल्झबुर्गच्या महोत्सवात वाजवायला नकार दिला होता. ल्युसर्नच्या आजच्या संगीत महोत्सवाची सुरुवात तिथून झाली. वाग्नरचे ज्यूंबद्दलचे विचार विषारी होते आणि त्याच्याच बागेत हुकूमशाहीला नकार देणाऱ्या माणसाने वाजवलं, हे त्या हिरवळीवर उभं राहून मनातून जात नाही.

दुसरी केकेएलची मैफलीची खोली. ध्वनीची रचना रसेल जॉन्सन यांची, १९९८मध्ये खुली झाली. खोलीभोवती प्रतिध्वनीच्या कोठड्या आहेत, त्यांची जड दारं उघडून-मिटून नाद किती वेळ रेंगाळावा ते ठरवता येतं. व्हायोलिनचा सर्वांत हळू आवाज मागच्या रांगेत स्पष्ट ऐकला. ऐकू आला म्हणण्यापेक्षा अंगाला लागला. एकट्या माणसाला एक फायदा असतो, सुटं एक तिकीट बरेचदा शेवटच्या क्षणी मिळून जातं.

---

इतिहासवेडा

सिंहाचा उल्लेख सगळे करतात, तो कशासाठी आहे ते क्वचित सांगतात. १० ऑगस्ट १७९२ला पॅरिसमध्ये जमावाने त्युइलरी राजवाड्यावर हल्ला केला. राजाचे स्विस रक्षक लढत मेले. एक अधिकारी त्या वेळी रजेवर ल्युसर्नला होता म्हणून वाचला. पुढे त्यानेच स्मारकासाठी पैसा उभा केला. आराखडा डॅनिश शिल्पकार बेर्टेल थोरवाल्डसेनचा, प्रत्यक्ष कोरलं लुकास आहॉर्नने, १८२०-२१मध्ये, जुन्या खाणीच्या उभ्या कड्यात. दहा मीटर लांब, सहा मीटर उंच. पाठीत भाला मोडलेला आणि पंजाखाली फ्रान्सच्या राजाची ढाल.

मला ते शिल्प पाहून दर वेळी वाईट वाटतं ते त्या पोरांसाठी. आल्प्सच्या दऱ्यांत शेती पोट भरू देत नव्हती, म्हणून शतकानुशतकं इथली तरुण मुलं परक्या राजांच्या सैन्यात भाड्याने जात होती. ल्युसर्नमधल्या श्रीमंत घराण्यांचा पैसा बराचसा याच व्यवहारातला. स्मारकावर निष्ठा आणि शौर्य लिहिलंय, गरिबी लिहिलेली नाही.

याच्यापासून पाच मिनिटांवर बूर्बाकी पॅनोरामा आहे, तिथे आपल्या लोकांपैकी कोणी जात नाही. जरूर जा. १८८१मध्ये एदुआर कास्त्रने केलेलं वर्तुळाकार चित्र, परीघ ११२ मीटर, उंची १० मीटर. तुम्ही मध्ये उभे राहता आणि चारी बाजूंनी बर्फ. १८७१च्या हिवाळ्यात हरलेलं फ्रेंच सैन्य, सुमारे ८७,००० माणसं, हद्द ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शरण आलं. शस्त्रं खाली टाकली जातायत, गावकरी पांघरुणं आणि सूप देतायत. कास्त्र स्वतः तेव्हा रेडक्रॉसचा स्वयंसेवक होता, त्याने जे पाहिलं तेच काढलं. सिंहानंतर लगेच हे बघावं असं मला वाटतं.

बोटींबद्दलही एक. पाच जुन्या वाफेच्या बोटी आहेत, उरी १९०१ची, सर्वांत धाकटी श्टाड्ट लुत्सेर्न १९२८ची. २५ जुलै १९४०ला, स्वित्झर्लंड जवळजवळ चहूबाजूंनी जर्मनी-इटलीने वेढलेलं असताना, स्विस सेनापती जनरल गीझान आपल्या सेनाधिकाऱ्यांना याच श्टाड्ट लुत्सेर्नवर बसवून र्‍युटलीच्या कुरणावर घेऊन गेला आणि लढायचं ठरलं. स्वित्झर्लंडची सुरुवात मानली जाणारी १२९१ची शपथ जिथे घेतली असं परंपरा सांगते तीच ही जागा. त्या बोटीवर आज कोणीही बसू शकतो.

---

सह्यकडा

गीझानची माहिती नव्हती. पुढच्या वेळी फ्ल्युएलनपर्यंत पूर्ण बोटीने जाईन म्हणतो, येताना रेल्वे. मात्र पिलाटुस सोडणार नाही! त्या डोंगरालाही इतिहास आहे. येशूला क्रुसावर चढवायचा हुकूम देणाऱ्या रोमन सुभेदाराचं, पाँटियस पायलटचं, प्रेत वरच्या तळ्यात आहे आणि कोणी खडा टाकला तर वादळ होतं, अशी समजूत होती. त्यामुळे वर जायलाच बंदी. १३८७मध्ये सहा पाद्री वर निघाले म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. शेवटी १५८५मध्ये ल्युसर्नचा पाद्रीच लोकांना घेऊन गेला, तळ्यात दगड टाकले, काही झालं नाही, आणि भीती गेली. शहर आणि डोंगर वेगळे काढताच येत नाहीत, ताई.

---

कृष्णाकाठ

हे मात्र मान्य. पाद्र्याने स्वतः लोकांना घेऊन जाऊन दगड टाकले, हे फार आवडलं. तरी वेळ थोडा असेल तर माझा क्रम तोच: संध्याकाळी दोन्ही पूल आणि बंधारा, सकाळी तट, मग बूर्बाकी (हे माझं राहिलंय), आणि बोट.

---

पहिल्यांदाच एकटी

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी धागा वाचून दाखवला, बाबा तयार झाले. तारखा आज कळल्या, फेब्रुवारीचा मधला शनिवार-रविवार. तेव्हा काय काय बंद असतं? खूप थंडी असेल का?

---

आल्प्सवासी

मुझेगचे बुरूज बंद असतील, तटाच्या पायथ्याने चालता येईल. वाफेच्या बोटी हिवाळ्यात बहुतेक विश्रांतीला असतात, साध्या मोटरबोटी चालू असतात. रिगी चालू. थंडी शून्याच्या आसपास धर, कानटोपी आणि बुटाचा तळवा चांगला हवा, जुन्या गावातले दगड निसरडे होतात.

पण एक गोष्ट आधी तपास. फास्नाख्ट, म्हणजे ल्युसर्नचा कार्निव्हल, कोणत्या तारखांना आहे? तो ईस्टरवर ठरतो, फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. गुरुवारी पहाटे पाच वाजता मोठा बार होतो आणि तिथून पुढच्या मंगळवारच्या रात्रीपर्यंत शहर झोपत नाही. लाकडी मुखवटे, शिवलेले पोशाख, आणि गुगनम्युझिक नावाची पितळी वाद्यांची पथकं गल्लीबोळांतून वाजवत फिरतात. आपल्या ढोलताशावाल्यांना आवडेल असा आवाज. तुझा शनिवार-रविवार त्यातच पडला तर दोन गोष्टी: खोली आजच आरक्षित कर, कारण सगळं भरतं, आणि झोप हवी असेल तर जुन्या गावात खोली घेऊ नकोस, रोटझेकडचं हॉस्टेल बघ. शनिवारी संध्याकाळी मी आणि बायको मुलांना घेऊन दर वर्षी जातोच. कळवलंस तर स्टेशनसमोरच्या कमानीखाली भेटू, बरोबर पुरणपोळी आणतो.